विजोड झुंज

दोन वीरांची झुंज लावावयाची तर दोघांचे बळ तुल्य असले पाहिजे, हा नियम आखाड्यातील वस्तादापासून नाटक कंपनीच्या मालकापर्यंत सर्वांना मान्य आहे. मीही तो फारसा विचार न करता मानीत आलो होतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा पंधरा वर्षांचा भाचा आमच्या घरी चंद्रपुरास राहावयास आला, आणि त्याने एका संध्याकाळी मला जो प्रश्न घातला त्यामुळे या नियमाविषयी माझ्या मनात प्रथम संशय उत्पन्न झाला.

निमित्त अगदी क्षुल्लक होते. २०१६ साली अमेरिकेत निघालेला बॅटमॅन आणि सुपरमॅन यांच्या झुंजीचा चित्रपट तो घरच्या दूरदर्शन-संचावर पाहत बसला होता. ज्या वाचकांचा या दोन वीरांशी परिचय नसेल त्यांच्यासाठी इतकेच सांगतो की, १९३८ साली जन्मलेला सुपरमॅन हा परग्रहावरून आलेला पुरुष. तो आकाशातून उडतो, पर्वतप्राय ओझी लीलेने उचलतो, आणि बंदुकीची गोळी त्याच्या छातीवर आपटून खाली पडते. त्याच्या मागून एकाच वर्षाने जन्मलेला बॅटमॅन मात्र तुमच्याआमच्यासारखा हाडामांसाचा माणूस. त्याच्यापाशी दैवी शक्ती एकही नाही. अपार संपत्ती, कसलेले शरीर, तीक्ष्ण बुद्धी आणि लहानपणी डोळ्यांदेखत मारल्या गेलेल्या आईबापांचे दुःख, एवढेच त्याचे भांडवल. या दोघांना चित्रपटकर्त्याने समोरासमोर उभे केले आहे. भाचा मध्येच उठून म्हणाला, "मामा, ही फसवणूक आहे. त्याने नुसती टिचकी मारली तरी हा खलास! मग ही मारामारी इतका वेळ चालतेच कशी?"

असल्या पोरकट विषयास साहित्याच्या मासिकात थारा द्यावा काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु ज्या पिढीने १९६४ ते १९९० पर्यंत इंद्रजाल कॉमिक्सच्या पानांतून वेताळाचे पराक्रम अंथरुणात लपवून वाचले, तिने तरी नाक मुरडू नये. शिवाय मुलाचा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. विजोड प्रतिस्पर्ध्यांची झुंज खरी कशी वाटावी, हा प्रश्न व्यासवाल्मीकींपुढेही होता. आणि तो केवळ रंजनाचा नसून नीतीचाही आहे, असे मला पुढे विचार करता करता दिसू लागले.

प्रथम आखाड्याकडेच पाहू. जोड लावताना वस्ताद वजन पाहतो, उमर पाहतो, तयारी पाहतो. पोरसवद्या मल्लापुढे कोणी नाणावलेला पहिलवान उभा केला तर लोक हुर्यो करून उठतात, कारण निकाल आधीच लागलेला असतो. आणि दोघांनी संगनमत करून उगाच वेळ काढला तर तिला नुरा कुस्ती म्हणून हिणवितात. आमच्याकडील शंकरपटातही बैलजोडीला जोडी तोलाची लागते, तरच शेवटच्या हातापर्यंत लोकांचा श्वास रोखलेला राहतो. (२०१४ सालच्या न्यायालयीन निकालाने हे पट बंद पडले आणि २०२१ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाले. ते असावेत की नसावेत, हा वेगळाच वाद आहे. त्यात मी येथे शिरत नाही.) परंतु आखाडा आणि पट यांचा न्याय रंगभूमीला जसाच्या तसा लागू होईल काय? आखाड्यात निकाल कोणालाच ठाऊक नसतो. रंगभूमीवर तो सर्वांना ठाऊक असतो. कीचक मरणार, हे मांडीवरच्या पोरालाही माहीत. तरीही कीचकवधाला मंडप ओसंडून जातो. तेव्हा प्रेक्षक जे पाहावयास जमतो ते "कोण जिंकेल" हे खासच नव्हे.

तोलाची जोड हीच खरी झुंज, असे म्हणणाऱ्यांनी वाली आणि सुग्रीव यांच्या द्वंद्वाचे स्मरण करावे. सख्खे भाऊ, सारखे रूप, सारखा आवेश. ते द्वंद्व इतके जुळून आले की, झाडाआड धनुष्य सज्ज करून बसलेल्या रामाला यातला आपला कोण आणि परका कोण हेच कळेना, आणि सुग्रीवाला मार खाऊन परत यावे लागले. दुसऱ्या खेपेस त्याच्या गळ्यात फुलांची माळ घालून त्याला पाठवावे लागले. संपूर्ण समानतेत भेद उरत नाही आणि भेद उरला नाही की पाहणाऱ्याची सहानुभूती कोठेच चिकटत नाही, हे वाल्मीकींनी त्या एका माळेने दाखवून दिले आहे. लोकप्रसिद्ध कथेप्रमाणे तर समोर येणाऱ्याचे अर्धे बळ वालीला मिळत असे, म्हणजे त्याच्याशी तोलाची जोड लावणे ब्रह्मदेवालाही शक्य नव्हते. मग बाण आडून सुटला. पण येथेच कवीचा मोठेपणा आहे. मरता मरता वालीने रामाला खडसावून जाब विचारला आहे, रामाने उत्तर दिले आहे, आणि ते उत्तर पुरेसे आहे की नाही यावर आजही घरोघरी वाद होतो. झुंज विजोड होती, ती सोडविण्यासाठी नियम मोडावा लागला, ही गोष्ट कवीने झाकून ठेवलेली नाही.

भीम आणि दुर्योधन यांच्या गदायुद्धाची गोष्ट याहूनही उद्बोधक आहे. बळाने भीम श्रेष्ठ; परंतु दुर्योधनाने तेरा वर्षे भीमाच्या लोखंडी पुतळ्यावर गदेचा अभ्यास केला आहे. एकाकडे जन्मजात शक्ती आणि दुसऱ्याकडे द्वेषाने घोटून घेतलेली कला! हे दोन गुण एकाच तराजूत घालता येत नाहीत. म्हणून ही झुंज पाहताना वाचकाला पुढच्या क्षणाची खात्री देता येत नाही. तेरा वर्षे रोज त्या लोखंडावर प्रहार करीत राहिलेला दुर्योधन डोळ्यांपुढे आला म्हणजे मला तर त्याच्याविषयी चमत्कारिक आदर वाटू लागतो. मांडीवर प्रहार झाला तेव्हा बलराम नांगर उगारून धावला, तोही याच आदरापोटी असेल.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवातील एक प्रयोग सांगतो. माझे आजोळ ब्रह्मपुरी तालुक्यात, म्हणजे झाडीपट्टीत. वैनगंगेच्या खोऱ्यातील चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतला हा धानाचा आणि दाट रानाचा मुलूख. पुण्यामुंबईच्या रसिकांना या भागातील रंगभूमीची वार्ता फार उशिरा लागली. झाडीपट्टीच्या नाटकांतून आयुष्यभर काम करणारे आणि विशेषेकरून लोकांना हसविणारे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कोठे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर या रंगभूमीचे नाव आले. धान घरात आले की हंगाम सुरू होतो. वडसा देसाईगंजाच्या कंपन्या गावोगाव फिरू लागतात, आणि रात्री जेवणे आटोपून बसलेला प्रेक्षक तांबडे फुटल्यावर उठतो. या नाटकांची वडीलधारी बहीण म्हणजे दंडार. तिला ना तिकीट, ना कंपनी; गावचीच माणसे सोंगे घेतात आणि गावच पाहते.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना आजोळी बकासुराच्या आख्यानाची दंडार पाहिली. बकासुर झाला होता गिरणीवाला. देह अस्ताव्यस्त, आवाज नगाऱ्यासारखा. आणि भीम कोण? तर शाळेचे मास्तर. त्यांची अंगकाठी अशी की, सदरा त्यांनी घातला आहे की खुंटीला टांगला आहे, असा प्रश्न पडावा. भीमाची एवढी लांब भाषणे दुसऱ्या कोणाच्याही ध्यानात राहत नसल्यामुळे त्यांची निवड झाली होती, असे मागाहून कळले. मास्तर गदा घेऊन आले तेव्हा बायकांच्या बाजूने हसण्याची लाट उठली. मलाही हसू आवरेना.

पुढे जे झाले ते मी आजवर विसरलेलो नाही. मास्तर गाड्यातले टोपले समोर ओढून घेऊन भात खावयास बसले. भात खराच होता. गिरणीवाला मागून आरडत आला आणि त्याने दोन्ही हातांनी त्यांच्या पाठीवर रट्टे घालावयास सुरुवात केली. मास्तरांनी मागे वळून पाहिले नाही. घास घेतला. पुन्हा रट्टा बसला. पुन्हा घास. त्यांनी ना छाती फुगविली, ना दंड थोपटले. कढी सांडू नये म्हणून द्रोण मात्र जरा बाजूला सरकविला. इकडे गिरणीवाल्याचा आवाज हळूहळू उतरत गेला. त्याने आपल्या हातांकडे पाहिले. मग त्या पाठमोऱ्या माणसाकडे पाहिले. आणि त्याच्या त्या प्रचंड चेहऱ्यावर भीती उतरली. मंडपात हसणे केव्हा थांबले ते कोणाला कळले नाही. मास्तर हात धुऊन उठले तेव्हा ते मला छपराला लागतील एवढे उंच दिसले. पाठीमागची प्रत्यक्ष झटापट तर दोनचार क्षणांतच आटोपली, आणि ती कशी झाली हे मला मुळीच आठवत नाही.

भीमाचे बळ त्या रात्री भीमाच्या अंगात नव्हते. ते बकासुराच्या तोंडावर होते. महाभारतातही भीम असाच जेवत राहतो. व्यासांनी जे शब्दांनी साधले ते आमच्या खेड्यातील दोघांनी एका टोपल्यावर साधले. यावरून मला असे वाटू लागले की, शरीरांची विजोडता ही झुंजीला मारक नाहीच. आपल्या प्रतिस्पर्ध्याला मोजण्याचे सोडून दिले म्हणजेच झुंज मरते. दोघांपैकी एकाला तरी दुसऱ्यापासून असे काही हवे असले पाहिजे की जे नुसत्या बळाने घेता येणार नाही. बकासुराला भात हवा होता, त्याहूनही अधिक त्याला भिणारा माणूस हवा होता. भीमाने भात खाल्ला, आणि भ्यालाही नाही.

रुपेरी पडद्यावर हे साधणे अधिक सोपे की अधिक कठीण? वरवर पाहता सोपे, कारण पडद्याला डोंगर उचलता येतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली 'कालियामर्दन' काढला. त्यात बाळकृष्ण झाली होती त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी, आणि तिचा प्रतिस्पर्धी यमुनेच्या डोहातील महासर्प. एवढीशी पोर आणि एवढा मोठा नाग, याहून विजोड जोड ती कोणती? या चित्रपटाच्या आरंभी फाळक्यांनी एक मोठी गमतीची गोष्ट केली आहे. कथानक सुरू करण्यापूर्वी त्यांनी त्या मुलीच्या मुद्रेवरील निरनिराळे भाव एकामागून एक प्रेक्षकांना दाखविले आहेत. या युक्तीचा हेतू अभिनय दाखविण्याचा असेल; परंतु परिणाम वेगळाही होतो. नागाशी गाठ पडण्यापूर्वीच आपण त्या चेहऱ्याच्या ओळखीचे झालेलो असतो. मग डोहात उडी पडली की आपण नागाची लांबी मोजीत नाही, त्या चेहऱ्याचा शोध घेत राहतो. पुढच्याच वर्षी बाबुराव पेंटरांनी 'सैरंध्री'त भीमाकडून कीचकाचे मस्तक उडविले, ते इतके हुबेहूब वठले की सरकारी तपासनिसांनी त्या दृश्यावर कात्री चालविली. आरंभीच्या मराठी चित्रकर्त्यांना पडद्याची ही राक्षसी शक्ती आणि तिचा लगाम, दोन्ही बरोबर उमगले होते.

कठीण अशासाठी की, पडद्यावर सर्वच दाखविता येत असल्यामुळे काहीच मानून घ्यावे लागत नाही. मास्तरांचा भीम आम्ही मानला. सुपरमॅन मानावा लागत नाही, तो इमारती पाडताना डोळ्यांना दिसतो. आणि एकदा त्याने इमारत पाडली की बॅटमॅनच्या ठोशाने त्याचे ओठ का फुटावेत, हा माझ्या भाच्याचा प्रश्न बिनतोड ठरतो. चित्रपटकर्त्याने यावर तोड काढली आहे ती हिरव्या दगडाची. सुपरमॅनच्या जन्मग्रहाचा हा दगड जवळ आला की त्याची शक्ती गळून जाते. बॅटमॅन तो मिळवितो, त्याचा धूर करतो, भाला करतो, आणि मग झुंज तोलाची होते. सुपरमॅनलाही लढणे भाग पडावे म्हणून त्याच्या आईला तिसऱ्याच एका दुष्टाने पळवून नेलेले आहे. युक्ती बेतशीर आहे, हे मी नाकारीत नाही.

"आपल्याकडेही हेच आहे की," भाचा म्हणाला. "वर, शाप, आणि वरातली पळवाट." वरकरणी हे खरे आहे. हिरण्यकशिपूला ना दिवसा मरण, ना रात्री. ना घरात, ना बाहेर. पळवाट उंबरठ्यावर सापडली. परंतु रावणाच्या वराकडे पाहा. त्याने देव, दानव, यक्ष सर्वांपासून अभय मागितले आणि माणसाचे नाव घेतले नाही. ते विसरला म्हणून नव्हे, तर माणूस ही वस्तू त्याला हिशेबात धरण्याजोगी वाटली नाही म्हणून. रावणाच्या कवचाला पडलेले भोक त्याच्या तुच्छतेने पाडलेले आहे. हिरवा दगड मात्र सुपरमॅनच्या स्वभावातून आलेला नाही. तो समुद्रातून आला आहे. एखाद्या श्रीमंताला तो मिळविता येतो, आणि न मिळविता आला तर झुंज होत नाही. मग ही झुंज दोन पुरुषांची राहिली कोठे? ती एका दगडाच्या मालकीची झाली. कर्णाच्या बाबतीत व्यासांनी शापांची रास रचली आहे हे खरे, कवचकुंडलेही काढून घेतली आहेत; पण प्रत्येक गोष्ट कर्णाने आधी काही दिले, काही लपविले, काही गमावले, तेथून आली आहे. आणि चाक रुतल्यावर कर्ण धर्माची आठवण देतो, कृष्ण त्याला द्यूतसभेची आठवण देतो. कोणीही असे म्हणत नाही की सामना बरोबरीचा झाला.

त्या चित्रपटाच्या ज्या जागेवर सर्वत्र हशा पिकला, तिच्याविषयी माझे मत भाच्याहून निराळे पडले. बॅटमॅनने भाला रोखला आहे, सुपरमॅन चीत झाला आहे, आणि त्या क्षणी तो आपल्या आईचे नाव उच्चारतो: मार्था. बॅटमॅनच्या मृत आईचे नावही मार्थाच. झाले! भाला खाली येतो आणि दोघे मित्र होतात. नावसाधर्म्याने वैर मिटावे हे हास्यास्पद आहे, यात शंका नाही. तथापि कर्त्याच्या मनात जे होते ते हास्यास्पद नव्हते. ज्याला आपण देव किंवा राक्षस समजत होतो त्यालाही आई आहे, हे कळणे म्हणजे त्याला प्रथमच माणूस म्हणून पाहणे. पण हेच आमच्या कवीने कसे हाताळले? कर्ण आणि अर्जुन यांची आई नावाने नव्हे तर खरोखरच एक. ही गोष्ट कर्णाला युद्धाच्या आधी कळते. प्रत्यक्ष कुंती येऊन सांगते. आणि झुंज थांबत नाही. तो तिच्या इतर चार पुत्रांना जीवदान देतो, अर्जुनाला देत नाही. तुझे पाच पुत्र पाचच राहतील, एवढेच आश्वासन देऊन तिला निरोप देतो. आईचे नाव चित्रपटात झुंज हलकी करते. महाभारतात ते तिला असह्य जड करते. हे मी भाच्याला सांगितले, तेव्हा तो काही वेळ बोलला नाही.

येथवर हा रसिकतेचा प्रश्न झाला. परंतु मी ज्या जिल्ह्यात राहतो तेथे विजोड झुंज ही करमणुकीची वस्तू नाही. उन्हाळ्यात मोहफुले वेचावयास आणि पुढे तेंदूपाने तोडावयास पहाटे रानात शिरणाऱ्या बायका वाघाच्या तडाख्यात सापडतात. दर हंगामात अशा बातम्या येतात. वाकून पाने तोडणारी बाई आणि मागून आलेला वाघ, यांत झुंज अशी होतच नाही. ज्या दिवशी मी हा विचार केला त्या दिवसापासून पडद्यावरच्या त्या हिरव्या दगडाची मला चीड येऊ लागली. कारण दुबळ्याने पुरेशी अक्कल लढविली की तो बलिष्ठाशी बरोबरी करतो, असे जी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, ती न बोलता दुसरेही काही सांगत असते. जो हरला त्याची अक्कल कमी पडली, असेच ना? मेलेल्या बाईच्या घरी जाऊन हे कोणी बोलून दाखवील काय? आमच्या नाटकांतूनही शेवटच्या अंकात गरीब नायक गावच्या सावकाराला एका हाताने लोळवितो आणि पहाटे मंडप टाळ्यांनी दणाणतो. मीही टाळ्या वाजविल्या आहेत. घरी परत येताना त्या टाळ्यांची थोडी लाज वाटली आहे, हेही खरे.

लोक स्वतः अशा गोष्टी कशा रचतात, हे मात्र निराळेच प्रकरण आहे. ताडोबाच्या अरण्याला ज्याच्यावरून नाव पडले असे मानतात त्या तारूची कथा आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. तारू हा गावचा प्रमुख. तळ्याकाठी त्याची वाघाशी झुंज झाली आणि तीत तो मारला गेला. त्याचे ठाणे आज त्याच तळ्याच्या काठी मोठ्या झाडाखाली आहे, आणि पौष महिन्यात तेथे जत्रा भरत आली आहे. कथा रचणाऱ्यांना तारूच्या हातून वाघ मारविणे काय कठीण होते? कोणतीही जादूची जडीबुटी चालली असती. त्यांनी तसे केले नाही. वाघ जिंकला तसा जिंकू दिला, आणि देव केला तो हरलेल्याला.

बाबुराव शेडमाकेची गोष्टही अशीच. मोलमपल्लीच्या या तरुण गोंड जमीनदाराने १८५८ साली इंग्रजांविरुद्ध उठाव केला, रानाच्या आश्रयाने काही महिने त्यांना हैराण केले, आणि अखेर पकडला जाऊन २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूरच्या तुरुंगात फासावर गेला. त्या वेळी त्याचे वय पंचविशीचे होते. त्याच्या अंगी दैवी शक्ती होती, फासाचा दोर त्याला लागू पडेना, अशा कथा लोक सांगतात. पाहा, लोकांनी आपल्या वीराला शक्ती दिली, आणि तीही सढळ हाताने. पण कथेच्या शेवटी तो मरतोच. समोरचे साम्राज्य केवढे होते हे सांगणाऱ्याने लपविलेले नाही. एक दोर तुटला तर दुसरा आणण्याची ऐपत त्याच्यापाशी आहे, हे सांगणाऱ्याला पक्के माहीत आहे.

वैनगंगेच्या काठी चामोर्शीजवळ मार्कंडादेव आहे. नदी तेथे उत्तरेकडे वळते, आणि काठावर ती कोरीव देवळे उभी आहेत. महाशिवरात्रीला तेथे सारी झाडी लोटते. ज्या मार्कंडेयाचे नाव या स्थळाला आहे, त्याची झुंज तर सर्व विजोड झुंजींची परिसीमा म्हणावी लागेल. इकडे सोळा वर्षांचा मुलगा, तिकडे साक्षात यम. मुलाकडे शस्त्र नाही, युक्ती नाही. तो फक्त शिवाच्या पिंडीला मिठी मारतो आणि सोडीत नाही. यम आपले रोजचे काम करावयास आलेला. तो पाश टाकतो तो मुलासह पिंडीवरही पडतो, आणि तेवढ्याने त्याचा घात होतो. शिव प्रकट होऊन मुलाला सोडवितो. कोणी म्हणेल, हाही हिरवा दगडच. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे: या कथेत मुलाने यमाला जिंकले असे कोणीच म्हणत नाही. तिसऱ्याने येऊन त्याला वाचविले. त्याच्या हाती जेवढे होते तेवढे त्याने केले. मिठी सोडली नाही. ज्या गावातून तेंदूपानाला जाणाऱ्या बायका त्या जत्रेला येतात, त्यांना या कथेतील कोणता भाग खरा वाटत असेल, हे मी कधी कोणाला विचारलेले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही.

गडचिरोलीच्या गोंड गावांतून दसऱ्याला रावणाची पूजा करणारेही लोक आहेत, हे या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपण ज्याला प्रतिनायक म्हणून रंगमंचाच्या डाव्या बाजूने आणतो, तो मंडपात बसलेल्या कोणाचा तरी पूर्वज असतो. म्हणून झुंज लिहिणाराने दोघांपैकी कोणालाही खोटे माप लावू नये. बलिष्ठाला उगाच लुळा करू नये, दुबळ्याला उगाच फुगवू नये.

हे सर्व भाच्याला पटले असे नाही. "मग तुमच्या हिशेबाने तो चित्रपट कसा संपावयास हवा होता?" त्याने विचारले. मी म्हणालो, दगड काढून टाक. बॅटमॅनला माहीत आहे की आपण मरणार. सुपरमॅनला माहीत आहे की आपण टिचकीने याला मारू शकतो. तरीही हा त्याच्या वाटेतून बाजूला होत नाही. आता टिचकी मारावी लागणार ती त्याला. त्यानंतर तो स्वतःला काय समजेल, यावर चित्रपट काढा. भाचा म्हणाला, "मग मारामारी दोनच मिनिटे चालेल, मामा. तिकिटे कोण काढील?" या व्यवहारी आक्षेपाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्या जुन्या दंडारीची एक गोष्ट सांगावयाची राहिली. उजाडता उजाडता खेळ संपला. मामाचे बोट धरून मी सोंगे उतरविण्याच्या जागी गेलो होतो. मास्तर उघड्या अंगाने चुलीपाशी चहा घेत बसले होते आणि त्यांच्या पाठीवर खरोखरच लाल वळ उठले होते. बकासुर त्यांच्या मागे उकिडवा बसून हातावर खोबऱ्याचे तेल घेऊन ते वळ चोळीत होता, आणि दर वेळी हात फिरविताना विचारीत होता, "लागला का गा, मास्तर? लय लागला का?" मास्तरांनी मागे न पाहता नकारार्थी मान हलविली आणि चहाचा दुसरा घोट घेतला.